रकाना

दुपारी चारला आली दोघं,
नर्मंदाख आणि तिचा धाकटा भाऊ ओत्गोन,
दारातल्या पुठ्ठ्यावर बुटांचा बर्फ झटकत.
बाहेर उलानबातर उणे सव्वीस,
कोळशाच्या धुरात दिवे आत्ताच लागलेले, आजारी पिवळे.

एकाच कॉम्प्युटरचे पैसे आहेत, ती म्हणाली,
आणि आम्ही माणसं दोन.
ती उपग्रहाच्या चित्रांतून कुरणं मोजते,
कुठे गवत उरलंय, कुठे बर्फाखाली गेलंय.
तो खेळतो. नुसता नाही खेळत,
मार्चात त्याच्या संघाची स्पर्धा आहे.

सोपं आहे, दावासुरेन काउंटरमागून म्हणाले,
एक शर्यतीचा घोडा, एक ओझ्याचा उंट.
नर्मंदाख हसली. काका, मी नवव्या मजल्यावर वाढले,
घोड्यावर बसले ती एकदाच, फोटोपुरती.
आकडे सांगा.

तर आकडे.
मालकाचा नाही, हा माझा प्रांत.
पहिला प्रोसेसर: आठ कोअर, पण कॅश भलीमोठी,
लागेल ते हाताशी, फडताळापर्यंत जावंच लागत नाही.
दुसरा: सोळा कोअर,
सोळा जण हात लावतात तेव्हा ओझं ओझं राहत नाही.
तेच ग्राफिक कार्ड, तीच रॅम, खेळातला तोच पूल कोसळताना:
पहिल्यावर सेकंदाला दोनशे बारा चित्रं,
दुसऱ्यावर एकशे शहाऐंशी.

सरासरी नको, ओत्गोन म्हणाला. तळाचा एक टक्का दाखव.
पोरगं जाणकार निघालं.
सरासरीत कुणी मरत नाही.
दार उघडावं आणि चित्र जागीच थिजावं,
मरण तिथे असतं.
तळाला पहिला एकशे सदतीस, दुसरा एकशे सहा.
तो काही बोलला नाही.

मग तिची कुरणं लावली.
पहिल्याला एक तास एकोणीस मिनिटं.
दुसऱ्याला एक्केचाळीस.
तीही काही बोलली नाही.
भिंतीतल्या नळीत गरम पाणी गुरगुरत होतं.
एकमेकांकडे न बघता दोघं
एकाच तक्त्याकडे बघत राहिली,
ताटातला शेवटचा तुकडा
दुसऱ्यानं उचलावा म्हणून थांबतात, तशी.

आवाज कुणाचा जास्त?
ओत्गोनने विचारलं, बऱ्याच वेळाने.
माझ्या तक्त्यात तो रकानाच नव्हता.
आई वीजकेंद्रात रात्रपाळीला असते, तो म्हणाला,
सकाळी नऊला येते, बूट काढते, झोपते.
खोली एकच.
टेबल तिच्या उशीपासून दीड हातावर.

मी रेडिओ बंद केला,
दावासुरेनना गप्प बसवलं (हे पहिल्यांदाच).
पहिला कुजबुजत होता.
दुसरा कुरणं मोजताना
झाकण उडू पाहणाऱ्या किटलीसारखा.

याला गप्प करता येईल?
कुणाला, दुसऱ्याला?
दुसऱ्यालाच.

सेटिंगमध्ये शिरलो,
एकशे सत्तर वॉटचे अठ्ठ्याऐंशी केले,
पंख्याचा लगाम ओढला, पुन्हा कुरणं.
एक्केचाळीसची सत्तेचाळीस झाली.
सहा मिनिटं हरला,
आणि दुकानात ऐकू आली
कोपऱ्यावर वळणाऱ्या ट्रॉलीबसची तार.

सहा मिनिटं मी चहा पीन, नर्मंदाख म्हणाली.
आणि तुझा एक टक्का?
भावाने टोपी कानांवर ओढली.
दार जरा आधी उघडेन.

खोका दोघांनी दोन बाजूंनी धरून नेला,
तसा तो एकट्याला जड नव्हता.

रात्री तक्त्याला एक रकाना जोडला.
'आवाज' लिहिलं, खोडलं.
'पंखा' लिहिलं, तेही खोडलं.
मग लिहिलं: 'उशीपासून दीड हात'.
दावासुरेन म्हणाले, गिऱ्हाइकाला हे कळणार नाही.
नसेल कळत.
ठेवलंय मात्र.